मायबोलीवरचा खोटा आळ

आमच्या सीमाभागात अलीकडे एक सल्ला फार स्वस्त झाला आहे. मूल अडीच वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, असे एखाद्या आईने काकुळतीने सांगितले की ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो, "घरात किती भाषा बोलता?" आई सांगते, "आम्ही मराठी, शेजार कन्नड, बाजारात दखनी, आणि आता शाळेसाठी थोडे इंग्रजी." झाले! निदान तयार. "मुलाच्या डोक्यात गोंधळ उडाला आहे. घरातली मराठी बंद करा. एकच भाषा ठेवा. बोलेल आपोआप." हा सल्ला शेजारीण देते, बालवाडीच्या बाई देतात, इंग्रजी शाळेचे चालक देतात, आणि दुर्दैव असे की कधी कधी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली माणसेही देतात.

या सल्ल्याविरुद्ध हा लेख आहे. तो चुकीचा आहे, एवढेच म्हणून मी थांबत नाही. तो घातक आहे. त्याने एका बाजूला निरपराध मायबोलीवर आळ येतो आणि दुसऱ्या बाजूला मुलाची मोलाची दोन-तीन वर्षे पाण्यात जातात. भाषा बंद करून मूल बोलण्याची वाट पाहत बसलेले आईबाप खऱ्या कारणाकडे वळतच नाहीत. आणि ते खरे कारण अनेकदा 'स्वमग्नता', ज्याला डॉक्टर मंडळी ऑटिझम म्हणतात, हे असते.

मी मराठीचा अभिमानी आहे म्हणून मराठीची वकिली करतो आहे, असे कुणाला वाटेल. तसे समजू नये. पुण्यात राहणाऱ्या एखाद्या कन्नड कुटुंबाला 'घरातली कन्नड बंद करा' असे कुणी सांगितले, तर हाच लेख मी त्या आईसाठीही लिहीन. तांड्यावरच्या लंबाणी आईसाठीही लिहीन. प्रश्न मुलाचा आहे, झेंड्याचा नाही.

आधी साधा हिशेब मांडू. अनेक भाषा कानावर पडल्याने मुले मुकी होत असती, तर आमचा बिदर जिल्हा मुक्यांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध व्हायला हवा होता. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात आणि मग हैदराबाद राज्यात होतो. आमच्या आजोबांची पिढी शाळेत उर्दू शिकली, घरी मराठी बोलली, शेतात कन्नड बोलली आणि बाजारात दखनीवर भाव पाडून घेतले. त्यातल्या कुणाची जीभ अडखळल्याचे ऐकिवात नाही. आजही मुडबीच्या बाजारात उभे राहून पाहा. दोन-सव्वादोन वर्षांचे पोर आजीकडे 'पाणी' मागते आणि शेजारच्या अव्वाकडे 'नीरू' मागते. कुणाशी काय बोलायचे हे त्याला पंडितांपेक्षा चांगले कळते. कधी ते एका वाक्यात दोन भाषांची खिचडी करते, ती तर आपण थोरमंडळीही रोज करतो. अशा मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजावे लागतात, ही साधी गोष्टसुद्धा सल्लागार विसरतात.

तरी मान्य करू की काही मुले उशिरा बोलतात. मग उशिरा बोलणारे मूल कोणते आणि स्वमग्न मूल कोणते, हे आईने ओळखायचे कसे? माझे उत्तर एका वाक्यात आहे. शब्द मोजू नका, बोट पाहा.

नुसते उशिरा बोलणारे मूल तोंडाने बोलत नसले, तरी सर्वांगाने बोलत असते. आकाशात विमान दिसले की ते बोट वर करते आणि लगेच आईच्या तोंडाकडे पाहते : 'तूही पाहिलेस ना?' नवे खेळणे मिळाले की ते आणून दाखवते. नाव घेतले की वळते. 'टाटा' करते, मान हलवते, खोटे खोटे जेवण करून बाहुलीला भरवते, बाबा कामावरून आले की दाराशी धावते. शब्द नाहीत, पण संवाद आहे. अशा मुलाची तपासणी जरूर करावी, पण तिथे आशेला पुष्कळ जागा असते.

स्वमग्न मुलात नेमका हा संवादाचा धागाच वेगळा असतो. वर्ष उलटले तरी नाव घेतल्यावर ते वळत नाही, पण दुसऱ्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत येते. म्हणून 'ऐकू येते, मुद्दामच करतो' असा शिक्का त्याच्यावर बसतो. दीड वर्ष झाले तरी ते बोट दाखवत नाही. हवी असलेली वस्तू घेण्यासाठी मोठ्या माणसाचे मनगट धरून तिथे नेते, जणू तो हात म्हणजे एक अवजार आहे. नजरेला नजर क्वचित मिळते. गाडी चालवण्याऐवजी ते गाडी उलटी करून चाक तासन्‌तास फिरवते, डबे ओळीने मांडते आणि ओळ मोडली तर आकांत करते. विचारलेलाच प्रश्न परत म्हणून दाखवते. मिक्सरचा, कुकरच्या शिट्टीचा, हलगीचा आवाज त्याला सोसत नाही. काही मुले आधी चार-सहा शब्द बोलतात आणि दीड-दोन वर्षांच्या सुमारास ते शब्द हरवून बसतात. आईबापांनी याकडे कधीही डोळेझाक करू नये. एखाददुसऱ्या खुणेने निदान होत नाही, हेही तितकेच खरे. पण यांतल्या तीन-चार गोष्टी एकत्र दिसल्या, तर 'होईल आपोआप' म्हणण्याचा अधिकार कुणालाही उरत नाही.

शास्त्र काय म्हणते? कॅनडातील माँट्रियल शहर आपल्यासारखेच दुभाषी आहे. तिथे फ्रेंच आणि इंग्रजी शेजारी नांदतात. स्वमग्न मुलांपैकी काहींच्या घरी एक भाषा आणि काहींच्या घरी दोन, अशी तुलना तिथल्या संशोधकांनी केली. २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. दोन भाषांत वाढलेली स्वमग्न मुले एका भाषेत वाढलेल्यांपेक्षा भाषेत मागे पडलेली आढळली नाहीत. त्यानंतरच्या अभ्यासांचा कलही हाच आहे. दुसरी भाषा स्वमग्नता आणत नाही आणि असलेली वाढवतही नाही. मग 'मराठी बंद करा' या फर्मानाला आधार कोणता? आधार एकच, मोठ्या भाषेपुढे लहान भाषेने मान तुकवावी ही जुनी सवय. बारकाईने पाहा, 'घरात इंग्रजी बंद करा' असा सल्ला कुणालाही मिळत नाही. बंद होते ती नेहमी आजीची भाषा.

आणि ही भाषा बंद झाली की घरात काय घडते, ते मी या भागातल्या एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून ती नातवाशी बोलायचे सोडते. आईला येते ते इंग्रजी 'कम', 'सिट', 'ईट', 'नो' एवढेच. मग त्या पोराशी दिवसभर फक्त हुकूम बोलले जातात. अंगाईगीत गेले, चिऊकाऊची गोष्ट गेली, लाडाने घेतलेली चार नावे गेली. ज्या मुलाला माणसाशी जोडून घेणे मुळातच कठीण, त्याच्या भोवतालच्या माणसांचीच तोंडे बांधून टाकायची, याला उपचार म्हणायचे? स्वमग्न मुलाशी बोलताना आईचा स्वर सहज, मोकळा आणि मायेचा असावा लागतो. तसा स्वर माणसाला आपल्याच भाषेत लागतो. परक्या भाषेत आपण तोलून-मापून बोलतो, आणि मूल ते ओळखते.

आता या भाषेच्या सबबीच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या सबबींचाही समाचार घेतला पाहिजे.

'याचा बापही चार वर्षांनी बोलला होता.' असेल. पण बाप बोलला तो नशिबाने, आणि ज्यांचे नशीब तसे नव्हते त्यांची नावे कुणी घेत नाही. 'मुलगा आहे, मुलगे उशिराच बोलतात.' थोडा फरक असतो, पण त्या फरकाने न वळणारी मान वळत नाही. 'घरात एकटाच आहे, बालवाडीत घातला की सुधारेल.' बालवाडी चांगली, पण ती तपासणीला पर्याय नाही. 'मोबाइलमुळे झाले.' मोबाइल दूर ठेवावा, कारण तो बोलण्या-खेळण्याचा वेळ खातो. मात्र मोबाइल नव्हता तेव्हाही अशी मुले होतीच, आपण त्यांना 'देवाचा माणूस' म्हणून ओट्यावर बसवून ठेवत होतो.

देवाविषयीही बोलतो. आमची माणसे माणिकनगरला जातात, मैलारला जातात, तुळजापूरला जातात आणि गुलबर्ग्याला बंदानवाजच्या दर्ग्यातही डोके टेकतात. माझी त्याला हरकत नाही. त्या पायरीवर आईच्या मनाला जो धीर मिळतो, तो मी कुणाकडून हिरावून घेणार नाही. माझे म्हणणे एवढेच की नवस आणि तपासणी एकाच आठवड्यात करा. 'आधी अकरा वाऱ्या, मग डॉक्टर' हा क्रम देवानेही सांगितलेला नाही. अंगारा लावल्याने मुलाचे नुकसान होत नाही, अंगाऱ्याच्या भरवशावर वर्ष घालवल्याने होते.

सर्वांत दुष्ट सबब म्हणजे आईला दोष देणे. 'गरोदरपणी ग्रहण पाळले नाही', 'नोकरी करते, मुलाकडे लक्ष नाही', 'हिच्या माहेरचेच आहे हे.' या बाबतीत अडाणी आणि विद्वान दोघेही सारखेच पापी आहेत. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले. पुढे तिथल्या मोठमोठ्या पंडितांनी आईच्या थंडपणावर खापर फोडले. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्या तीन वर्षे आधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने हे खापर खोटे असल्याचे मांडले होते. रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. आज शास्त्र निःसंशय सांगते की ही मेंदूच्या जन्मजात घडणीतली भिन्नता आहे, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि आईच्या मायेचा किंवा रागाचा तिच्याशी काही संबंध नाही. आमच्याकडची सासू बेटेलहाइम वाचत नाही, पण बोलते मात्र तेच!

तीच गत लसीच्या अफवेची. १९९८ साली इंग्लंडमध्ये १२ मुलांवरून एक लेख छापून आला आणि गोवराच्या लसीने ऑटिझम होतो अशी भीती जगभर पसरली. तो लेख 'लॅन्सेट' साप्ताहिकाने २०१० साली मागे घेतला, लेखक डॉक्टरचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. लेख मेला, अफवा जिवंत आहे. तिच्यापायी लस टाळू नका. आणि 'मूळ पेशी टोचून बरे करतो' म्हणून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून सावध राहा. ऑटिझमसाठी असा उपचार करू नये, असे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ साली बजावले आहे. स्वमग्नतेवर गोळी नाही, इंजेक्शन नाही. शेत विकायला लावणारा उपचार तर मुळीच नाही.

'आमच्याकडे अशी मुले कुठे आहेत?' असे म्हणणारेही भेटतात. २०१८ साली देशातील पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे ४,००० मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्या पाच ठिकाणांत उत्तर गोवा आणि आपल्या शेजारचे हैदराबाद होते. दृष्टी, श्रवण, अपस्मार, अध्ययन-अक्षमता, स्वमग्नता अशा नऊ प्रकारांपैकी किमान एक अडचण जवळजवळ आठांतल्या एका मुलाला होती. स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. आता आपल्या गावची मुले मोजा आणि सांगा, ती कुठे आहेत. ती घरात आहेत. पाहुणे आले की आतल्या खोलीत आहेत.

मग करायचे काय?

पहिले काम, कानांची तपासणी. ऐकू येत नसेल तर तो प्रश्न वेगळा आणि उपायही वेगळा. दुसरे काम, अंगणवाडीच्या बाईंना किंवा आशाताईंना स्पष्ट शब्दांत सांगा, 'माझे मूल हाकेला वळत नाही, बोट दाखवत नाही.' 'बोलत नाही' एवढेच सांगितले, तर पुन्हा भाषेचेच पुराण सुरू होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून गरजूंना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवणे हे त्या पथकांचे काम आहे, आणि त्यांच्या यादीत स्वमग्नता आहे. पथक आले की मूल लपवू नका, पुढे करा. मोठ्या तपासणीसाठी सिकंदराबादची राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्था आपल्याला जवळ आहे. म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था आणि बंगळुरूचे निम्हान्स आहे. जाणकार माणूस दोन वर्षांच्या सुमारास निदान करू शकतो. पाचव्या-सहाव्या वर्षाची वाट पाहण्याचे कारण नाही.

तिसरे काम घरातले, आणि ते निदानाचा कागद हाती येण्याची वाट पाहत नाही. मुलासमोर जमिनीवर बसा. ते ज्या वस्तूकडे पाहते तिच्याविषयीच दोन शब्द बोला. चाक फिरवत असेल तर 'फिरले, फिरले' म्हणा. मग थांबा. त्याला उत्तर द्यायला वेळ द्या, मग ते उत्तर नजर असो, आवाज असो किंवा नुसते हलणे असो. रोजचा क्रम ठरलेला ठेवा. बदल असेल तर आधी चित्राने दाखवा. आणि हे सर्व आजीच्या भाषेत करा.

'तज्ज्ञ नाहीत तर आम्ही खेड्यात काय करणार?' या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात मिळाले आहे. तिथल्या 'संगत' या संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या मंडळींनी मिळून एक प्रयोग केला. २०१६ साली तो 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त छापून आला. दोन ते नऊ वर्षांची ६५ स्वमग्न मुले त्यात होती. शिकवणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. आई मुलाशी खेळते त्याची चित्रफीत घ्यायची, आईसोबत बसून ती पाहायची, आणि मुलाने संपर्काचा प्रयत्न केला तो क्षण तिला दाखवून द्यायचा, अशी ती पद्धत. आयांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून अधिक संपर्क साधू लागली. गोव्यात आणि रावळपिंडीत जे जमले ते बसवकल्याण तालुक्यात का जमू नये? आमच्या अंगणवाडीच्या बायका त्या कार्यकर्त्यांपेक्षा कुठे कमी आहेत? मागणी करायला हवी, आणि ती करायला आपण एकत्र यायला हवे.

आता माझ्याच व्यवसायबंधूंकडे वळतो. 'आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही' हे वाक्य शाळेच्या दारात फार सहज उच्चारले जाते. ते बेकायदा आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिला स्थान दिले. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. याच कायद्यात आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यांसाठी सोन्यासारखे कलम आहे. सतराव्या कलमात परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांबरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सवलत देण्याचे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे कायदा म्हणतो, 'शाळेने भाषांचे ओझे हलके करावे.' आणि आपण काय करतो? शाळेतल्या तिन्ही भाषा तशाच ठेवतो आणि घरातली एकुलती एक सोपी भाषा काढून घेतो! ज्या मुख्याध्यापकाला हे कलम माहीत नाही, त्याला पालकांनी ते नम्रपणे वाचून दाखवावे. नम्रपणा कामी आला नाही, तर लेखी मागावे.

दाखला काढायला लाजू नका. दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड देशभर चालते. ज्यांची सोयरीक सोलापूर-लातूरकडे आहे आणि दवाखानाही तिकडचाच आहे, त्यांना याचा उपयोग अधिक. दाखल्याने मुलाच्या कपाळावर शिक्का बसत नाही. शिक्का तर गल्लीने केव्हाच मारलेला असतो. दाखल्याने फक्त हक्क मिळतो.

शेवटी थोडे गावाविषयी. कॅनर यांच्या ११ मुलांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. तीन वर्षांचा असताना त्याला डॉक्टरांच्या सांगण्यावरून आश्रमशाळेत ठेवले गेले, पण आईवडिलांनी त्याला वर्षभरात घरी आणले. तो शिकला, गावच्या बँकेत आयुष्यभर नोकरी केली, मोटार चालवली, जगप्रवास केला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. घर सधन होते, बँक घरचीच होती, हे खरे. पण गावाने त्याला आपला म्हटले, त्याच्या लकबी त्याच्या आहेत म्हणून सोडून दिल्या, हेही खरे. पैसा सर्वांकडे नसतो. आपलेपणा मात्र कुठल्याही गावाला परवडतो. अनेक जाती, अनेक धर्म आणि चार भाषा यांना शेकडो वर्षे सांभाळून घेणाऱ्या या कल्याणच्या मातीला एक वेगळ्या घडणीचे मूल सांभाळणे जड जाऊ नये.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती दिवाळीत पडेल. पाहुणे येतील, नातवंडे जमतील. त्यांत एखादे पोर फटाक्याच्या आवाजाने कान झाकून कोपऱ्यात बसलेले दिसेल, हाकेला वळणार नाही, रांगोळीच्या डब्या ओळीने मांडत राहील. त्याच्या आईला 'अजून बोलत नाही का गं?' असे चारचौघांत विचारू नका, आणि 'मराठी बोलू नका' असे तर चुकूनही सांगू नका. तिला बाजूला घेऊन विचारा, "काही दाखवायला बोट करतो का? हाकेला वळतो का?" ती 'नाही' म्हणाली, तर कानांच्या तपासणीला तिच्यासोबत जायला तयार राहा. बसचे भाडे तुम्ही काढा. आणि परत येताना त्या पोराशी गप्पा मारा. मराठीतच मारा.